बारकी आणि अक्काच्या गोळ्या

आमच्या प्रयोगशाळेत तिला तोंडावर बारकी म्हणायची कुणाची छाती नव्हती. पाठीमागे मात्र सगळेच म्हणायचो. हे नाव आम्हाला कळलं तेही तिच्या थोरल्या बहिणीमुळे. एकदा बहिणीने कार्यालयात फोन केला आणि "आमच्या बारकीला जरा बोलावता का?" असं विचारलं. कारकून बिचारा खोलीखोलीत डोकावून "बारकी कोण?" विचारत फिरला. शेवटी पन्नाशीला टेकलेली, करड्या केसांची, चष्म्याच्या वरून बघणारी आमची सगळ्यात जुनी तंत्रज्ञ उठली, "मीच" म्हणाली आणि ताठ मानेने फोन घ्यायला गेली. तिची पाठ वळल्यावर आम्ही पोट धरधरून हसलो.

मी तिच्या शेजारच्या टेबलावर. आमचं काम काय ते थोडक्यात सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मूत्रपिंडाच्या डोक्यावर टोपीसारखी एक लहानशी ग्रंथी असते. माणसाला असते तशी उंदरालाही असते. तिला ॲड्रिनल म्हणतात. एक स्टिरॉइड घ्यायचं, त्याला इथे काही जोडायचं, तिथलं काही काढायचं, आणि त्याचं दुसरंच संप्रेरक करून रक्तात सोडायचं, हा तिचा धंदा. ताप आला, मार लागला, उपास पडला, की याच संप्रेरकांच्या जोरावर शरीर तग धरतं. कुठल्या प्राण्याची ग्रंथी कशाचं काय करते, किती झपाट्याने करते, हे आम्ही तपासायचो. उंदराची ग्रंथी शेवटी एक माल काढते, गिनीपिगची दुसरा, अगदी माणसासारखा.

ग्रंथी काढायचं काम बारकीचं. उंदराची ती ग्रंथी मसुराच्या दाण्याएवढी, चरबीत लपलेली. चिमट्यात जरा दाबली गेली की फुटली आणि कामातून गेली. बारकी ती अशी उचलायची की ग्रंथीला कळूही नये. मग बर्फावरच्या काचेवर चरबी सोडवायची, पातळ काप करायची, आणि स्टिरॉइड घातलेल्या बाटलीत टाकून ती बाटली कोमट पाण्याच्या हलत्या टाकीत ठेवायची. पुढचं माझं. त्या द्रावातलं सत्त्व काढून काचेच्या पट्टीवर ठिपके द्यायचे, ते वर चढू द्यायचे, आणि जांभळ्या दिव्याखाली कुठला ठिपका कुठे थांबला ते बघायचं. म्हणजे ग्रंथीने कशाचं काय केलं ते समजतं.

बारकीचा हात हलका, हे तर होतंच. पण तिची खरी किंमत वेगळी होती. जनावर घाबरलं तर ग्रंथी असेल नसेल ते सगळं रक्तात ओतून मोकळी होते आणि आमचे आकडे नासतात. बारकीच्या हातात जनावर घाबरायचं नाही. ती पिंजऱ्यातून उंदीर काढायची, अंगावरच्या पांढऱ्या कोटाशी धरायची, दोन शब्द बोलायची, आणि तो तिच्या कोपराच्या बेचक्यात नाक खुपसून स्वस्थ व्हायचा. मग ती त्याला पलीकडच्या खोलीत न्यायची, तिथून तो परतायचा नाही.

एकदा मी तिचं कौतुक केलं तर म्हणाली, "त्यांना वाटतं मी त्यांची आहे. हेच तर वाईट आहे."

तिचा स्वभावच तसा. कुणाच्या पायावर पाय पडला तर दिवसभर त्याची चौकशी करणारी. मनाला लावून घ्यायला तिला कारण लागायचं नाही. पुढे मात्र खरंच कारण घडलं.

घरी ती आणि तिची अक्का, दोघीच. सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या दोन खोल्या. आई लवकर गेली, वडील कामासाठी कायम बाहेर, त्यामुळे बारकीला वाढवलं अक्कानेच. तिची वेणी घातली, अभ्यास घेतला, शिकायला पाठवलं, आणि स्वतः खिडकीपाशी शिवणयंत्र मांडून शाळेचे गणवेश शिवत बसली ती कायमचीच. लग्नाचं कुणी विचारलं तर म्हणायची, "आधी हे बाह्यांचं काम संपू दे." बाह्या काही संपल्या नाहीत.

कापडाचा बारीक भुगा आयुष्यभर नाकात गेला, त्यानेच की आणखी कशाने, अक्काला दमा जडला. आधी तोंडात मारायचा फवारा पुरायचा. एका वाईट हिवाळ्यात डॉक्टरने स्टिरॉइडच्या गोळ्या दिल्या. धाप थांबली, पण गोळ्या काही सुटल्या नाहीत. वर्षं गेली. अक्काचा चेहरा गोल गरगरीत झाला, मान खांद्यात बुडाली, हातावर जरा कुठे आपटलं तरी निळे डाग पडायला लागले.

अक्का तरुणपणी फार देखणी होती, आणि ते तिला ठाऊक होतं. आताचं हे रूप ती हसण्यावारी न्यायची. "आरशात बघते तर कोणी परकी बाई घरात घुसलीय. बसलीय ती बसलीय, उठायचं नाव नाही," असं म्हणायची. पण आरशावर तिने टॉवेल टाकून ठेवला होता. जुनी गिऱ्हाइकं दारात येऊन "अक्का आहेत का?" असं तिलाच विचारायची, तेव्हा तिचं हसणं जरा उशिरा यायचं.

गोळ्या बंद करता येतील का, हे ती डॉक्टरला दर खेपेला विचारायची. डॉक्टर म्हणायचा, बघू. मग घरी येऊन बारकीला विचारायची. बारकी म्हणायची, डॉक्टरला विचार.

त्या वर्षी आमच्या मॅडमनी, म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी, नवीन काम हाती घेतलं होतं. उंदरांना रोज बाहेरून स्टिरॉइड द्यायचं. शरीराला आयतं मिळायला लागलं की ग्रंथीला काम उरत नाही. ती आक्रसते, फिकी पडते, झोपी जाते म्हणा ना. अशी झोपलेली ग्रंथी काढून बाटलीत स्टिरॉइडबरोबर ठेवली तर ती त्याचं काही करू शकते का, हे बघायचं. आणि काही उंदरांचं औषध एकदम तोडायचं, आणि ग्रंथी किती दिवसांनी जागी होते तेही बघायचं. बारकी रोज त्या आक्रसलेल्या ग्रंथी काढत होती. काचेवर ठेवलेल्या मला दाखवायची. "बघ, निम्मी पण राहिली नाही," म्हणायची.

म्हणजे औषध एकदम तोडलं तर काय होतं, हे या शहरात ज्या मूठभर माणसांना रोज डोळ्यांनी दिसत होतं त्यांत बारकी होती. हे तिने मला नंतर किती वेळा म्हणून दाखवलं त्याला गणती नाही.

एके दिवशी तिच्या हातून ग्रंथी फाटली. कधी नव्हे ते झालं. सबंध दिवसाचं काम फुकट गेलं, मॅडम चार शब्द बोलल्या. ती घरी गेली तीच घुश्शात. संध्याकाळी ती मोरीशी करपलेलं पातेलं खरवडत होती आणि अक्का दारात टेकून उभी होती.

"बारके, तुमच्या उंदरांना तुम्ही देता ते माझंच औषध ना?"

"त्याच जातीचं."

"मग त्यांचे गाल फुगतात?"

"उंदराचे गाल कोण बघतं, अक्का."

"आणि बंद केलं की?"

"काय बंद केलं की?"

"औषध गं. बंद केलं तर काय होतं?"

बारकीने मान वर केली नाही. "काही होत नाही. करायचं तर कर बंद. रोज उठून तेच तेच काय विचारतेस."

अक्का "बरं" म्हणाली आणि आत गेली. एवढंच झालं. पातेलं घासून होईपर्यंत बारकी हे बोलणं विसरूनही गेली.

महिन्याच्या महिन्याला अक्काच्या गोळ्या बारकी औषधाच्या दुकानातून आणायची. अक्का आठवण करायची, ही आणायची. त्या महिन्यात अक्काने आठवण केली नाही, आणि हिलाही झाली नाही.

सुरुवातीला अक्का खुशीत होती. गाल उतरायला लागले. तिने आरशावरचा टॉवेल काढला. दम्याचा फवारा ती घेतच होती, त्यामुळे श्वासाचंही काही अडलं नाही. मग हळूहळू तिचे सांधे दुखायला लागले. जेवण नको म्हणायला लागली. सकाळी उठायला उशीर, उठली तरी पुन्हा आडवी. बेतलेल्या कापडांचा ढीग यंत्राशेजारी तसाच पडून राहायचा आणि गणवेशासाठी आलेले आईबाप परत जायचे.

बारकीला काय वाटलं? तिला वाटलं, अक्का आळसावली. दिसायला बरी दिसायला लागली तशी नखरे करायला लागली. कामावरून दमून यावं तर घरात चूल थंड, आणि अक्का भिंतीकडे तोंड करून निजलेली. ती धुसफुसायची. एकदा म्हणाली, "दिवसभर घरात बसून तुला एवढं दमायला होतं तरी कशाने?" अक्का उलट बोलली नाही. अक्का उलट बोलत नाही म्हणजे काहीतरी बिनसलंय, हे सायकलवाल्यालासुद्धा कळलं असतं. बारकीला कळलं नाही, किंवा कळून घ्यायला तिला सवड नव्हती.

मग अक्काला सर्दी झाली, ताप आला. त्या सकाळी बारकीने तिला तापाची गोळी दिली, उशाशी पाणी ठेवलं, आणि चपला घालता घालता म्हणाली, "आता मशीनवर बसू नकोस. म्हणजे, बसतेसच कुठे म्हणा."

हे बोलून ती कामावर आली.

पुढचं माझ्या डोळ्यांसमोर झालं. औषध तोडलेल्या उंदरांचे पिंजरे तिने टेबलावर आणून ठेवले. एरवी झाकण उघडलं की उंदीर मागच्या पायांवर उभे राहतात, मिशा हलवतात, बारकीचा हात हुंगतात. त्यातला एक कोपऱ्यात पडून होता. केस पिंजारलेले, कुशी आत गेलेल्या. बारकीने त्याच्याखाली तळवा घातला तर तो ओल्या फडक्यासारखा हातावर लोंबला.

"याला काय झालंय गं?" तिने विचारलं.

मी माझ्या पट्ट्यांवर ठिपके देत होते. मान न वळवता म्हणाले, "औषध तोडलंय ना त्याचं. बाहेरून मिळत नाही, आतली जागी झालेली नाही. त्यात रात्री खिडकी उघडी राहिली होती तिकडची. एवढ्याशा गारठ्यालाही तोंड देता येत नाही त्यांना."

मी वळून पाहिलं. उंदीर तळहातावर घेऊन ती तशीच उभी होती. मला वाटलं तिला भोवळ येतेय. मग तिने त्याला अलगद पिंजऱ्यात ठेवलं, झाकण लावलं, "मी घरी जाते" म्हणाली, आणि अंगातला कोट, हातातले मोजे न काढताच निघून गेली. मॅडमना सांगायचंही तिला सुचलं नाही. ते मी सांगितलं, काहीतरी जुळवून.

घरी अक्का पलंग आणि शिवणयंत्र यांच्या मध्ये जमिनीवर पडली होती. डोळे अर्धे उघडे, अंगाला गार घाम, आणि तोंडाने काहीबाही पुटपुटत होती. बारकीने खिडकीतून सायकलवाल्याला हाक मारली. तो भला माणूस. तेलाचे हात पुसायलाही थांबला नाही. दोघांनी तिला अरुंद जिन्यावरून कसंबसं खाली आणलं आणि रस्त्यावरची पहिली गाडी थांबवून रुग्णालयात नेलं.

तातडीच्या विभागात एक तरुण डॉक्टर होता. रक्तदाब इतका खाली की यंत्राला सापडेना. दम्याची रोगी, ताप, म्हणजे छातीत संसर्ग असणार, असा त्याचा अंदाज. तो छातीचा फोटो काढायला सांगत होता. बारकीने त्याची बाही धरली.

"ती स्टिरॉइडच्या गोळ्या घेत होती. पुष्कळ वर्षं. त्या बंद आहेत. तिच्या ग्रंथी काम करत नाहीत, तिला आधी ते द्या."

डॉक्टर थबकला. "कधीपासून बंद?"

"महिना होऊन गेला असेल."

"एकदम? कुणी सांगितलं बंद करायला?"

बारकी म्हणाली, "तिनेच केल्या. कुणाला न विचारता."

डॉक्टरने ते ऐकलं, परिचारिकेला इंजेक्शन सांगितलं, दोन्ही हातांना सलाईन लावायला लावलं. काही तासांत अक्काच्या चेहऱ्यावर रंग आला. संध्याकाळी तिने डोळे उघडून पहिली चौकशी केली ती अशी की, इथे चहा मिळतो का.

दुसऱ्या दिवशी तपासणीला आलेला डॉक्टर तिला म्हणाला, "तुमच्या बहिणीमुळे वाचलात. त्यांनी वेळेवर सांगितलं नसतं तर आम्ही भलतीकडेच शोधत बसलो असतो."

झालं. अक्काला विषय मिळाला. शेजारच्या खाटेवरची बाई, जेवण आणणारा, फरशी पुसणारी, भेटायला येणारी गिऱ्हाइकं, सगळ्यांना ती एकच गोष्ट सांगायची. "आमच्या बारकीने मला ओढून आणलं हो. डॉक्टरला कळेना, ते हिला कळलं. उंदरांवर काम करते ना." मी फळं घेऊन गेले तेव्हा मलाही साग्रसंगीत ऐकवलं, जसं काही मी तिथे कामालाच नव्हते. बारकी खिडकीशी, आमच्याकडे पाठ करून उभी होती. फळं धुऊन आणते म्हणून गेली ती मी निघेपर्यंत आलीच नाही.

प्रयोगशाळेतही तेच. मॅडमनी सगळ्यांना बोलावून सांगितलं, आपलं काम माणसाच्या कसं उपयोगी पडतं त्याचं हे उदाहरण. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बारकी खाली बघत राहिली. बघणाऱ्यांना वाटलं, केवढी विनयशील.

त्यानंतर काचसामान धुवायच्या खोलीत तिने मला गाठलं आणि सगळं सांगितलं. मोरीतलं पातेलं, "करायचं तर कर बंद", आणि डॉक्टरला दिलेलं ते उत्तर. नळ सोडून ठेवला होता, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून.

"मी सांगितलं म्हणून तिने बंद केल्या. आणि तिची शुद्ध हरपलेली असताना मी ते तिच्यावरच ढकललं," ती म्हणाली. "आणि आता टाळ्या घेतेय."

मी काय बोलले ते सांगायला आज बरं वाटत नाही. म्हणाले, "अगं, ती बरी आहे ना? आता कशाला उकरून काढतेस." चांगल्या मनाने म्हणाले. तिने नळ बंद केला आणि निघून गेली.

पुढचे काही आठवडे तिने स्वतःला कामाला जुंपून घेतलं. पहाटे उठून घर आवरायची, ताट संपल्याशिवाय अक्काला उठू द्यायची नाही, गोळी स्वतःच्या हाताने तिच्या तळहातावर ठेवायची आणि गिळेपर्यंत समोर उभी राहायची. अक्का वैतागली. "मी काय शाळेतली पोर आहे? तोंड उघडून जीभ पण दाखवू?" बारकीला हसू यायचं नाही. ती अक्काशी बोलायची ते तिच्या खांद्याकडे बघून.

इकडे औषध तोडलेल्या उंदरांचं काम अर्धवट राहिलं होतं. बारकी मॅडमकडे गेली आणि म्हणाली, हा गट मला नको, दुसऱ्या कुणाला द्या. मॅडमना आश्चर्य वाटलं.

"तुम्ही असं म्हणावं? हे काम तुमच्या बहिणीसारख्यांसाठीच आहे. गोळ्या हळूहळू कशा कमी करायच्या, ग्रंथी कधी जागी होते, हे यातूनच कळणार ना."

"हो," बारकी म्हणाली.

"मग?"

मॅडम बोलत होत्या ते सगळं खरंच होतं. बारकीने उरलेल्या उंदरांचं काम पुरं केलं. एकही ग्रंथी फाटली नाही. पण त्या दिवसांत ती उंदरांशी बोलत नसे. कोटाशी धरायची, ते नाक खुपसायचे, आणि ती भिंतीकडे बघत चालत जायची.

मग एका सुटीच्या दिवशी, उन्हं खिडकीतून यंत्रावर आली होती तेव्हा, अक्काने तिला उभं केलं. बारकीचे कामावरचे पांढरे कोट अक्काच शिवायची, आणि जुना कोपरावर विरला होता. अक्काच्या तोंडात टाचण्या, गळ्यात टेप. ती मागून खांद्याचं माप घेत होती. तोंड दिसत नव्हतं म्हणून असेल, बारकीला धीर आला.

"अक्का, गोळ्या बंद कर असं मी म्हटलं होतं."

"हात जरा वर कर," अक्का टाचण्यांमधून म्हणाली.

"ऐकतेस ना? मीच म्हटलं होतं. तू मला विचारलं होतंस."

अक्काने एकेक टाचणी तोंडातून काढून टाचण्यांच्या उशीला टोचली. मग टेप गुंडाळत म्हणाली, "मला काय विसरायला झालंय?"

बारकी वळणार होती, पण अक्काने खांद्यावर हात ठेवून तिला तशीच उभी ठेवली.

"तू लक्ष देऊन बोलत नव्हतीस, ते मला कळत होतं," अक्का म्हणाली. "म्हणून तर तेव्हाच विचारलं. नीट समोर बसवून विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस. डॉक्टर हो म्हणत नव्हता, तू पण नाही म्हणाली असतीस, आणि मी तो टॉवेल टाकलेला आरसा घेऊन मेले असते. मला कुणाचं तरी हो हवं होतं. तुझं स्वस्तात मिळालं."

"पण मला माहीत होतं काय होतं ते. मी रोज बघत होते."

"हो. तेही खरं." अक्का म्हणाली. "त्याचं मला काही नाही बारके. माणूस कावतो. मी काय तुझ्यावर कमी कावलेय? पण डॉक्टरला म्हणालीस ना, तिनेच केल्या, कुणाला न विचारता, ते मी ऐकलं. डोळे उघडत नव्हते, पण कान होते. ते मात्र लागलं."

बारकीने विचारलं, "मग सगळ्यांना का सांगत सुटलीस, मी वाचवलं म्हणून?"

"वाचवलंसच की. ते काय खोटं आहे?" अक्का म्हणाली. "आणि थोडं तुला ऐकवायचंही होतं. म्हटलं, बघू किती दिवस दम धरते."

मग दोघी रडल्या का, मिठी मारली का, असं मी बारकीला विचारलं. ती म्हणाली, नाही. अक्काने बाहीचं माप घेतलं, आणि बाही नेहमीपेक्षा जरा लांब ठेवू का, असं विचारलं.

पुढच्या तपासणीला दोघी रुग्णालयात गेल्या. नेमका तोच तरुण डॉक्टर होता. अक्काची नाडी वगैरे बघून झाल्यावर बारकी म्हणाली, "त्या दिवशी मी तुम्हाला चुकीचं सांगितलं. तिने मनानेच बंद नव्हत्या केल्या. मला विचारलं होतं, आणि मी हो म्हणाले होते."

डॉक्टरने क्षणभर तिच्याकडे पाहिलं. तिचा चेहराही त्याच्या नीट लक्षात नसावा. "बरं," तो म्हणाला. "आता एकदम बंद करू नका म्हणजे झालं." आणि त्याने पुढच्या माणसाला आत बोलावलं. इतके दिवस जे तिला आतून कुरतडत होतं, त्याची किंमत तिथे एवढीच होती. जिन्यावरून उतरताना अक्का म्हणाली, "झालं का समाधान?" बारकी म्हणाली, "नाही." "मला वाटलंच," अक्का म्हणाली.

अक्काची ग्रंथी पुरती जागी झालीच नाही. गोळ्या हळूहळू कमी केल्या, मधूनमधून रक्त तपासलं, आणि शेवटी एका लहान डोसाशी येऊन डॉक्टर थांबला. तेवढी गोळी आता जन्माची. अक्का म्हणते, "माझीच ग्रंथी ती. एकदा आडवी झाली की उठायची नाही." गाल पहिल्यासारखे झाले नाहीत, पण मान दिसायला लागली आहे. गणवेशाचं काम तिने निम्म्यावर आणलं.

आमच्या कामाचा शोधनिबंध छापून आला. झोपलेली ग्रंथी बाटलीतल्या स्टिरॉइडचं काय करते, जागी होताना आधी कुठली पायरी करायला लागते, सगळं नीट मांडलेलं. शेवटी आभारात बारकीचं नाव होतं. मॅडमनी तिला एक प्रत दिली. तिने ती घरी नेली की नाही, ते मी विचारलं नाही.

अलीकडे संध्याकाळी आम्ही दोघी बरोबर परत निघतो. मागच्या आठवड्यात औषधाच्या दुकानात आमच्या पुढे एक पोक्त गृहस्थ उभा होता. दुकानदाराने त्याच्यापुढे ठेवलेल्या औषधांतलं एक पाकीट त्याने बाजूला सारलं. "हे नको. याने अंग फुगतं. मी सोडणार आहे हे."

बारकीने मान लांब करून पाकिटावरचं नाव वाचलं. मग त्याच्या कोपराला हात लावला.

"एकदम सोडू नका."

तो दचकला. "तुम्ही डॉक्टर आहात का?"

"नाही."

"मग?"

बारकी लाल झाली. "डॉक्टरला विचारून हळूहळू कमी करा," ती म्हणाली. "आजचं तरी घ्या. घेऊन जा, कृपा करा."

माणूस संकोचला, मग चिडला, मग दुकानदाराकडे बघितलं. दुकानदार छताकडे बघत होता. शेवटी कटकट नको म्हणून त्याने ते पाकीट उचललं, खिशात कोंबलं आणि पुटपुटत बाहेर पडला. तो घरी जाऊन गोळी घेणार की वाटेत टाकून देणार, हे कळायला काही मार्ग नव्हता. बारकी दुकानाच्या पायरीवर येऊन तो वळणापर्यंत जाईतो बघत राहिली. मागून दुकानदाराने दोनदा विचारलं, "बाई, तुम्हाला काय देऊ?" दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा ती आत आली.